तांदळाएवढं मांस

मोटार बसवली त्याला अकरा वर्षं झाली.
त्याआधी लाकडी घाणीला कवड्या फिरायचा
आणि त्याच्या मागे मी, हातात पराणी.
दिवसाला किती कोस, दोघांनीही मोजले नाहीत.
आता बटण दाबतो. जवस रगडला जातो.
खुर्चीत बसून धार पाहतो.

हर्षाली पोलीस भरतीसाठी धावते,
पहाटे साडेचारला, बोर कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं.
परत आली की चटणीत आळं करून तेल ओतते, भाकर मोडते.
मला शुगर. मला थेंब मोजून.

वर्ध्याच्या डॉक्टरबाईंनी
तीन आठवडे आमचंच तेल चमच्यानं मोजून दिलं,
मग दोघांच्याही मांडीतून
तांदळाच्या दाण्याएवढं मांस काढलं.
सुई मोठी होती.
पोरगी हसली. मी डोळे मिटले.

निकाल सांगायला बाई घाणीवरच आल्या.
लॅपटॉपवर लाल ठिपके: हे तेल,
स्नायूच्या धाग्यांत साठलेलं.
"बाबा, दोघायचं सारखंच हाय," हर्षाली म्हणाली,
"वळखू येत नाही कोनाचं कोनतं."

मग बाईंनी भट्ट्या दाखवल्या. मायटोकॉन्ड्रिया.
तिच्या दाट, लांबट,
थेंबाला वासरांसारख्या लुचलेल्या.
माझ्या थोड्या, आणि दूर दूर.
भट्टीच्या दारावर प्रथिनं असतात म्हणे,
हिंगणघाटच्या यार्डातल्या हमालांसारखी.
माल वाढला की हमालही वाढतात,
पण आत गिरणी चालू पाहिजे.
नाहीतर पोती ओट्यावरच पडून राहतात,
वाट अडवतात,
मागून आलेल्या साखरेच्या गाडीलाही
मग आत शिरता येत नाही.

एक प्रथिन तर कामाविनाच तेल जाळू देतं,
नुसती ऊब.
"काहून?" मी विचारलं.
बाई म्हणाल्या, अजून नीट कळलेलं नाही.
हे मला आवडलं.

"म्हणजे तेलाचा दोष नाही."
"थोडा आहे," त्या म्हणाल्या, "चमचा मोजाच."
आणि माझ्या खुर्चीकडे पाहिलं.

कवड्या जाऊन नऊ वर्षं झाली.
घाणीभोवतीची त्याची वाट अजून आहे,
खुरांनी बडवलेली, सिमेंटपेक्षा टणक.
आज हर्षाली गेल्यावर दार आतून लावलं,
मोटारीला हात लावला नाही,
त्या वाटेनं चालू लागलो.
चौदाव्या फेऱ्याला मांडी भरून आली,
सुईची जागा ठसठसली,
आणि तोंडातून जुनाच आवाज निघाला,
हर्र, चाल बाप्पा, चाल.
कोणाला म्हणालो, कोण जाणे.