धुऱ्यावरची करडी

बसस्टँडसमोर, मोबाईल रिपेरिंगच्या वरच्या मजल्यावर
मुजम्मिलचं दुकान. जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्याला आधी उतरू द्यावं लागतं.
मला सवय आहे त्याची.

टॅबवर बोट फिरवत त्यानं दाखवलं:
कमळ, गुलाब, बांबूची जोडी,
जांभळ्या तुऱ्यांचं एक विलायती झुडूप
जे परभणीत कुणी पाहिलेलं नाही,
त्यानंही नाही. "पण चालतं ताई, पोरी हेच घेतात."

मी म्हटलं, करडी.
म्हणजे तेलाची?
हो, तेलाचीच.

शोधून त्यानं काढलेला फोटो झेंडूचा निघाला.
मग मीच पिशवीतून
पेपरात गुंडाळलेली फांदी काढली.
पेडगावच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली,
काळमेघ ड्रायव्हर जॅक लावत होते, तेव्हा
धुऱ्यावरनं मोडून घेतलेली.
पेपराला जागोजाग भोकं पडली होती.

त्यानं हात लावला. आई गं, म्हणाला.
मग हसला. मग पहिल्यांदा नीट बघितलं.

आमच्याकडं ज्वारीच्या कडेनं
करडीची चार तासं धरतात,
ढोरं आत शिरू नयेत म्हणून.
राखण लागत नाही, आरोळी लागत नाही.
कोवळी असते तोवर
कुणीही येऊन भाजीला खुडून नेतं.
काटा नंतर येतो.
फूल त्याच्याही नंतर.

कुठं काढायची, यातच तास गेला.
मनगटावर मशीनचा पट्टा,
चिल्लरीचा काळा मळ.
पाठीवरचं पाठीलाच ठाऊक,
आणि मागून बघणाऱ्यांना. त्यांच्यासाठी मी
बाराशे रुपये देणार नव्हते.
मानेवर केस. घोट्यावर बूट.
दंडावर शोभेल, मुजम्मिल म्हणाला.
मला शोभायचं नव्हतं.

आईच्या हातावर तुळस आहे,
जत्रेत गोंदलेली, दोघींनी धरून ठेवून.
तिला कुणी विचारलं नाही, असं मी फार दिवस
सगळ्यांना सांगत आले.
परवा तीच म्हणाली, विंचू मी मागितला होता.
लग्नानंतर. माझ्या मजुरीची पायलीभर ज्वारी देऊन.
कोपराच्या आतल्या वळणात, बघ.
कुणाला दिसू नये म्हणून?
"नाही गं. हात दुमडला की झोपायचा तो."

मग मी उठले आणि त्या चिंचोळ्या दुकानात
गाडीत चालते तशी चालून दाखवलं:
हात आडवा, कोपर पुढं,
सरका, पुढं सरका, तिकीट, कोण राहिलं.
चौदा वर्षं
माझं अंग इथं संपतं
आणि इथून लोक सुरू होतात.
कोपरापासून करंगळीपर्यंत, ही बाहेरची बाजू.
हा धुरा.

कोपरावर शाई धरत नाही, तो म्हणाला,
कातडीला घड्या असतात.
मग दोन बोटं खाली सोडून घे.
रंग? पिवळा?
करडी पिवळी उमलते, वाळताना तांबडी होते.
तो माझ्याकडं बघत राहिला,
मी समोरच्या आरशात.
दोन्ही टाक थोडं थोडं, म्हटलं, आता कुठं ठरवत बसू.

सुई हाडावरून गेली तेव्हा
मी मनातल्या मनात टप्पे म्हणत होते.
पेडगाव. ताडबोरगाव. मानवत.
पाथरी येईस्तोवर तिसरं पान झालं होतं.

खपली निघाल्यावर, दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी,
रत्नापूरला चढलेल्या एका बाबानं
पैसे पुढं करता करता हात बघितला.
करडी हाय का ही?
हाव.
काटे बरोबर काढलेत, म्हणाला. फूल जरा मोठं झालं.
आणि धोतराचा सोगा आवरून
खिडकीकडं सरकून बसला.
सुटे नव्हते त्याच्याकडं. माझ्याकडंही.