उणे सतरा

दुकानातल्या मुलीनं फोनवर दर सांगितला :
चौरस मीटरला आठशे तेंगे,
झालरीचे वेगळे,
डाग असला तर त्याचे आणखी.
झियादा आपायनं फोन ठेवला नाही,
नुसता कानापासून लांब धरला,
जणू पलीकडून धूर येत होता.

मग खिडकीशी जाऊन धुराड्यांकडं पाहिलं.
तेमिरताउला बर्फ पडतो तसं काजळही पडतं.
वारा कारखान्याकडून असला
की सकाळचा बर्फ दुपारी चुलीमागच्या भिंतीसारखा.
आपल्याला हवा तो वेगळा,
रात्रीतून पडलेला, कोरडा,
मुठीत लाडू न वळणारा.
वारा गवताळ रानाकडून, पारा उणे पंधराच्या खाली,
आणि दिवस माझ्या सुट्टीचा,
कारण गालिच्याला टोकं दोन
आणि घरात माणसं दोनच, मालकीण आणि भाडेकरू.
त्याबद्दल भाड्यात पाचशेची सूट.
मी सातशे म्हटलं.
सहाशेवर मिटलं.

अकरा दिवस वाट पाहिली.
बाराव्या पहाटे तिनं माझं पांघरूण ओढलं :
"ऊठ मेरुएर्त, सतरा आहे."

गालिचा भिंतीवरून उतरला
तेव्हा मागचा कागद तेवढ्या चौकोनात हिरवागार निघाला,
एकोणऐंशी सालचा हिरवा,
एका अख्ख्या राज्याहून जास्त टिकलेला.
तिसऱ्या मजल्यावरून आम्ही त्याला खाली आणलं
जास्त झालेल्या पाहुण्यासारखं,
दोघींनी दोन काखांत धरून.

अंगणात पालथा घातला.
त्यावर नमद्याचे बूट घालून चालायचं,
मागं-पुढं, घाई न करता,
आणि मग बडवायचं.
धोपटणं वेताचं, एर्ना व्हागनरचं.
समोरच्या बिऱ्हाडातली एर्ना ब्याण्णवला जर्मनीला गेली,
जाताना पियानो विकला,
धोपटणं मात्र हिच्या दाराशी टेकवून ठेवलं.
"तिकडं म्हणे मशीन असतात,"
आपाय म्हणते, आणि हाणते.
राग मशीनवरचा की एर्नावरचा, कळत नाही.
धप्प आवाज समोरच्या इमारतीवर जाऊन परत येतो
जरासा उशिरा,
जणू तिथंही कुणाला आठशे परवडले नाहीत.

उचलला, तर खाली राखाडी चौकोन.
सरकवला. पुन्हा बडवला. पुन्हा चौकोन, फिका.
पाचव्या खेपेला
बर्फावर नुसती झालरीची रेघ उमटली.
मागं वळून पाहिलं तर अंगणभर
कुणीतरी डाव अर्ध्यावर टाकून उठल्यासारखे पत्ते.
पहिला सगळ्यांत काळा.
त्याच्यापाशी ती थांबली.
"तोलेगेन पलंगावर पडून ओढायचा,"
ती म्हणाली. "हजारदा सांगितलं होतं."
आणि बुटाच्या टोकानं
त्यावर चांगला बर्फ लोटला.

आता वर न्यायचा.
आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कळलं,
गालिचा गोठलाय.
सुरळी फळीसारखी ताठ,
इकडून घातली तर कठड्याला अडते,
तिकडून घातली तर दिव्याला.
ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं,
शिव्या देऊन पाहिल्या, तिनं कझाकमध्ये, मी रशियनमध्ये.
शेवटी पायऱ्यांवर बसलो.
वरच्या मजल्यावरचे फेदोत काका
कामाला जाताना त्याखालून वाकून गेले
आणि टोपी काढून म्हणाले, "पाहुणे?"

जिन्यातला रेडिएटर नावालाच कोमट.
बसलो. थर्मासमधला चहा एका झाकणात दोघींनी प्यायला.
भिंतीवरून उतरवताना लागलेला खिळा
ती बोटानं दाबत राहिली.
अर्ध्या तासानं सुरळीचं एक टोक
सभेत डुलकी लागलेल्या माणसासारखं
हळूच खाली आलं,
आणि जिनाभर वास सुटला
ओल्या मेंढीचा.
एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा
तो कशाचा होता ते त्यानं सांगितलं.

उरलं काम घरात. आंबवलेली कोबी तीन पाण्यांत धुऊन
लाल फुलांवर चोळायची, रंग वर येतो, तिच्या आईची युक्ती.
बरणीत उरलेली कोबी रात्रीच्या सूपात.
"सहाशे," मी उठताना आठवण केली.
"पाचशे," आपाय म्हणाली,
"बसल्याचे कसले पैसे?"