पालथा दगड

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर ‘प्रार्थनास्थळ, इतर’,
गल्लीतल्या जुन्या तोंडी ‘शनवारचं देऊळ’,
आणि गेली सदतीस वर्षं
उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या लावायची जागा.
लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या पाठीमागं.

ते शुक्रवारी रात्री पाडलं.
ठेकेदार हिशेबी होता:
शनवारी ही माणसं कागदाला पेन लावत नाहीत,
पैशाला शिवत नाहीत, रिक्षात बसत नाहीत.
रविवारी कचेरी बंद.
सोमवारी तिथं सपाट मैदान,
आणि मैदानाची तक्रार कुणाकडं करायची?

मला कसं ठाऊक, तर
पहिली पहार माझ्या बापानं मारली.
शिदू गवंडी. रातपाळीचे तीस रुपये जास्त.
मी एकवीस वर्षांचा, बत्ती धरून.

आता त्याच मातीत माझा ओळंबा.
महापालिकेनं स्मारक मंजूर केलंय.
भिंती नाहीत, छप्पर नाही;
जुन्या पायाची रेघ काळ्या दगडात, गुडघ्याएवढी,
मधे एक चौकट एकटीच उभी,
आणि कोनाड्यात काचेचा दिवा, खोबरेलाचा.

रहामीम अष्टमकर रोज येतात.
एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते, वय ब्याऐंशी.
ग्रीसचे डाग पडलेल्या जागी फोल्डिंग खुर्ची मांडतात,
थर्मास पायाशी, आणि बोट दाखवत सुटतात:
इथं कपाट, आत गुंडाळ्या, चांदीचे घुंगरू लावलेल्या;
तिथं बायका बसायच्या;
इथं मी खजूर चोरला होता.

काल चौकटीच्या उजव्या बाजूला खाच पाडायची होती,
बोटभर डबीसाठी. आत चामड्यावर काही लिहिलेलं असतं म्हणे.
मी ओळंबा सोडला, सरळ रेघ मारली.
“तिरकी,” म्हणाले.
काका, लोक हसतील मला.
उभी हयात सरळ बांधण्यात गेली.
“दोन पंडितांचं भांडण होतं.
एक म्हणे उभी लावा, एक म्हणे आडवी.
दोघं मेले, भांडण राहिलं.
म्हणून तिरकी.”

छिन्नी ऐकेना. हाताला सवय नाही.
आणि त्या नादात तोंडातून निघून गेलं
जे बायकोलाही सांगितलं नव्हतं:
आमच्या न्हाणीतला धुण्याचा दगड इथला आहे.

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. परत काढलं.
“किती वर्षं धुणं धुतलंत?”
सदतीस.
“मग स्वच्छ असेल.”

हसावं का, कळेना. तेही हसले नव्हते.

आज सकाळी मी आणि पोरगा, दोघांनी पहारीनं उचलला.
खाली गांडुळं, बांगडीचा हिरवा तुकडा, आईचा असावा,
आणि अक्षरं.
वरची बाजू तिच्या मुठींनी झिजवलेली, तळव्यासारखी मऊ.
खालची, चिखलात तोंड खुपसून निजलेली, तशीच धारदार.
दोन ओळी त्यांच्या लिपीत, उजवीकडून निघालेल्या,
आणि त्यांच्या खाली
(बापाला वाचता येत नव्हतं, हे एक बरं की वाईट)
मराठीत:

ही पायरी सिपोराबाई हिने घाण्याच्या पैशांतून घातली.
येणाऱ्याने पाय पुसून यावे.

हातगाडीवरनं आणला. काकांना वाचून दाखवलं.
“आत्या माझी,” म्हणाले. “फार कटकटी होती.”
मग बराच वेळ चष्मा पुसत बसले,
काच निखळली तरी.

चौकटीपुढं दगड बसवला, अक्षरं दर्शनी.
अर्धा सूत कललाय.
उद्या काढून सरळ करतो, म्हटलं.
ते काही बोलले नाहीत.

आत जायचं तर आत असं काही नाही.
चौकटीच्या अलीकडं उघडं, पलीकडं उघडं,
पलीकडं एक ट्रॉली अजून उभीच, मालक सापडत नाही.
तरी पोरगा घमेलं घेऊन निघाला होता
तो दगडापाशी थांबला,
आणि चपलेचं सिमेंट
गोणपाटावर घासायला लागला,
एक पाय, मग दुसरा.