मागितल्याशिवाय देऊ नका

शरणपूर रोडच्या ऑफिसात
माझ्याच पाचशेच्या सहा नोटांना त्यांनी पावडर लावली,
तान्ह्या बाळाच्या पाठीला लावावी इतक्या हलक्या हाताने.
इन्स्पेक्टर म्हणाला, काका, एकच वाक्य घोका:
मागितल्याशिवाय देऊ नका.

घोकलं.
जन्मभर दुसऱ्यांचीच वाक्यं तोंडात खेळवली.
सातपूरच्या कारखान्यात दुभाष्या होतो मी,
रशियन लेथ, रशियन ग्रीस,
आणि भांडारावर देखरेखीला आलेली ताइसिया पावलोव्हना.
कामगार तिला ताईच म्हणायचे.
वॉशरसुद्धा मोजून घ्यायची,
मिसळीवर तर्री मात्र बेहिशेबी.

एकदा विचारलं तिने, लाचेला तुमच्यात काय म्हणतात?
म्हटलं, आम्ही ती खातो.
नाव चहापाण्याचं घेतो.
फाइल वाऱ्याने उडू नये म्हणून वर वजन ठेवतो.
हसली. आमच्याकडे पंजावर ठेवतात, म्हणाली,
अस्वलाच्या ठेवावं तसं.

मग तिचा देश मोडला.
त्र्याण्णवला पत्र आलं:
माणशी एक छापील कागद वाटलाय,
म्हणे कारखान्यातला तुझा वाटा.
शेजाऱ्याने आपला दोन बाटल्यांना विकला,
बहिणीने बुटांच्या जोडाला.
कालचा पक्षसचिव आज मालक आहे, खुर्ची तीच,
फक्त मागच्या भिंतीवर तसबिरीएवढा पांढरा चौकोन.
चारशे टन टायटॅनियम भंगार आहे
अशा कागदावर माझी सही हवी होती.
मी केली नाही.
दुसऱ्या दिवशी पेन दुसऱ्याच्या हातात होतं.

त्याच महिन्यात दातरंगे साहेबांनी
माझ्या टेबलावर एक बिल टाकलं.
तिच्याच गावची नवी कंपनी, पैसे जायचे सायप्रसला.
ताई साडेतीन रुपये लिहायची तो वॉशर
एकशे चाळीस.
साहेब, यात जरा
तुम्ही भाषांतर करा हो, गणित नको.
केलं.
सुरेख केलं, एक स्वल्पविराम चुकला नाही.
खाली लिहिलं, भाषांतर मुळाबरहुकूम, आणि सही.
दिवाळीला पाकीट आलं. मागितलं नव्हतं मी.
त्यात थोडी भर घालून पाथर्डी फाट्याला प्लॉट घेतला,
आणि त्याच प्लॉटच्या नोंदीसाठी
उत्तम भवर आता तीन हजार मागत होता.

टपरीवर आला तेव्हा त्याच्या हातात डबा होता.
आणलंय का, काका?
मागितलं. दिलं.
मी चष्मा काढून पुसला, तशी चार माणसं
चहा अर्धा टाकून उठली.
काचेच्या ग्लासात त्याची बोटं बुडवली
आणि पाणी गुलाबी झालं,
जुन्या नाशकातल्या रहाडीत होतं तसं,
फक्त इथे उडी मारायला कुणी पुढे येत नव्हतं.
पंचांनी पाहिलं. बाटलीला लाख लागली.
भवर म्हणाला, यातले दोनशे माझे असतात हो, काका,
बाकीचे जिने चढून जातात.
जिन्याचा पंचनामा झाला नाही.

त्याला पाच वर्षं झाली. तारखा पडतात.
नाशिकरोडला छापून निघालेल्या त्या नोटा
घरापासून दोन कोसांवर मुद्देमालात झोपल्यात.
माझी नोंद झालेली नाही.
त्या फाइलीला आता कुणी हातच लावत नाही.
बायको म्हणते, सत्यवादी झालात, आता भोगा.
तिला पाकिटाचं ठाऊक आहे.
म्हणूनच ती ते हसत म्हणते.

कधी रात्री बेसिनपाशी हात धुतो.
पाणी पाण्यासारखंच जातं.
तीस वर्षं जुन्या पाकिटाला पावडर कुठली?

ताईचं शेवटचं पत्र सत्त्याण्णवचं.
स्टेशनबाहेर लोकरीचे मोजे विकत होती,
जोड तपासून द्यायची म्हणून गिऱ्हाईक खोळंबायचं.
उत्तर मी अजून लिहितोय. पत्ता उरलाय की नाही, कोण जाणे.
पहिलं वाक्य ठरलेलं आहे: पण मी सही केली.
रशियनमध्ये तीनच शब्द होतात.
दोन लिहून झालेत.