मे महिन्यातला बुरूज

पट्टीवर पाणी एकोणीसच्या खाली गेलं
की बुरजाचं डोकं वर येतं.
आधी नुसता काळा ठिपका,
त्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा,
मग आठवड्याला हातभर चिरा.
माझ्या नोंदवहीत ह्याला रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीनं छोटा चौकोन काढतो.
बावीस वर्षांत एकवीस चौकोन;
एका साली पाणी उतरलंच नाही.

परुळेकर साहेब मालवणचे, बदलीवर आलेले.
म्हणाले, किल्ला? इथं?
समुद्र कुठाय तुमच्याकडं?
म्हटलं, साहेब, आमची भरती वर्षातून एकदाच येते
आणि आठ महिने परत जात नाही.
ते हसले.
दुसऱ्या दिवशी पहाटे दुर्बीण गळ्यात घालून हजर.

झिबल पचारेचा डोंगा, एका खोडाचा,
मधून मधून तेलाच्या डब्यानं पाणी उपसावं लागतं.
खाली जुनी हरदोडी.
झिबल सांगत नाही काही, फक्त वल्हं मारतो,
आणि मोकळ्या पाण्यात, जिथं चारी दिशा सारख्या,
एकदम काटकोनात वळतो.
काहून वळला रे? मी विचारलं.
तेथं गल्ली होती ना गा.

बुरजाच्या पायऱ्यांवर गाळ,
उन्हानं तडकून खापरांसारखा उचललेला.
शिंपले. कुणाचं तरी तुटकं जाळं.
दगडाला वास ओल्या गोणपाटाचा.
साहेब चिऱ्यांच्या सांध्यांत नख घालून बघत होते.
आमच्याकडं पायात शिसं ओततात, म्हणाले,
लाटा धडकतात ना.
इथं कोण धडकणार होतं?
मला माहीत नव्हतं. झिबलला विचारलं,
तर त्यानं विडी पेटवली.

वर, जंगीच्या तोंडाशी, तोफ.
अर्धी गाळात, अर्धी बाहेर,
ना कुणा राजाचं नाव, ना फुलाची वेल.
गाव उठलं तेव्हा मारुती नेला,
शाळेची घंटा नेली, विहिरीचा रहाट नेला,
आठ बैल लावूनही ही हलली नाही.

झिबल पोटावर आडवा झाला,
खांद्यापर्यंत हात तोफेत.
डोळे मिटलेले, जसं कुणी
दुभत्या म्हशीच्या कासेशी बसतं.
एक शिंगटा काढला. दुसरा. तिसरा.
चिऱ्यावर ते तडफडले, मिशा हलवत.
मग म्हणाला, आता पुढं काही नाही. आता पुढं गोळा हाये.

गोळा?
भरलेलीच हाये ना थे. आजाच्या बापाच्याही आधीपासून.

साहेब उठून उभे राहिले.
संग्रहालय, पत्र, फोटो,
तज्ज्ञ बोलवू, काढून घेऊ,
बोलता बोलता त्यांनी एक शिंगटा उचलला
आणि काटा बोटात घुसला.
झिबलनं त्यांचं बोट दाबून रक्त काढलं.
राहू द्या ना गा साहेब, म्हणाला,
मासोळीले पाठ टेकाले काही पाह्यजे.

मी तेवढ्यात सवयीनं वाकलो,
पट्टी वाचताना एक डोळा मिटतो तसा मिटून
नळीवरून समोर पाहिलं.
पाणी, बाभळी, पाळीवरचा रस्ता,
आणि बरोबर रेषेत नवी हरदोडी:
पत्र्यांची रांग, भूखंडांचे आकडे,
एका गच्चीवर निळी टाकी.
ती झिबलच्या पोरीच्या घराची.
मी काही बोललो नाही.

विडी विझवून तोच म्हणाला,
साहेबांना ऐकू जाणार नाही असं:
दरसाल येतो मी. मासे तर कोठंही भेटतात.
हात घालून पाह्यतो,
गोळा जागेवर हाये का म्हून.

परतताना तो पुन्हा त्या कोपऱ्यावर वळला.
साहेबांचं बोट सुजून भेंडीएवढं झालेलं,
तरी दुसऱ्या हातानं ते पाणी उपसत होते.

संध्याकाळी समासात चौकोन काढला.
या साली आत एक टिंब दिलं.
तपासणीला आलेल्या माणसानं
चष्मा वर करून विचारलं, हे काय?
म्हटलं, पेन्सिलीचं टोक मोडलं, साहेब.