गुडघ्याची दोरी

शाई ढवळायचं काम माझं.
बाभळीचा डिंक, कोळशाची पूड, ओंजळभर पाणी.
अद्रारच्या पठारावर ओंजळभर पाणी म्हणजे
कुणाचा तरी अर्धा चहा.

मी नऊ वर्षांचा, तकबर आत्या साठीची.
एकाच चटईवर, नेयना बाईंसमोर.
मला चौदा पाट्या पाठ होत्या,
उतारावरून गोटे सोडावेत तशा म्हणून दाखवायचो.
आत्याची पहिलीच लाकडी पाटी
अजून धुतली गेली नव्हती.

ओळ आत उतरली की पाटी धुवायची,
धुवण पायदळी येऊ नये म्हणून
खजुरीच्या बुंध्याशी ओतायचं.
"पाठ आहे ना?" बाई विचारायच्या.
"पाठ आहे. कळली नाही."

पोरं हसायची.
या वयात हिला अक्कल यायची म्हणजे
उंटाला शिंगं फुटायची!
अडला होता तो शब्दही नेमका तोच,
ओळीच्या टोकाला बसलेला: अक्ल.
बाजारात, भांडणात, रोज आमच्या तोंडी असलेला.
"तीन अक्षरांचं मूळ आहे," बाई म्हणाल्या.
"खणत राहा. पाणी लागायचं तेव्हा लागेल."

याहदीह तीन वर्षांपूर्वी नुआदिबूहून होडीत बसला होता.
मासेमारीची होडी, चाळीस माणसं.
त्यानंतर ना फोन, ना निरोप, ना प्रेत.
लोक म्हणाले, त्याची मर्जी.
आत्या कुणाला उलट बोलली नाही.
पाटी मागायला आली फक्त,
शिकवणीपोटी एक शेळी घेऊन.

पाणी नसेल तेव्हा ती वाळूवर हात टेकायची,
तेच हात तोंडावरून फिरवायची,
आणि तंबूचा खांब धरून हळूहळू खाली बसायची.
उजवा गुडघा दुमडत नसे.
नमाज संपला तरी तळवे उघडेच.
"काय मागतेस एवढं?"
"मागत नाही. तो शब्द पुढ्यात ठेवते.
ज्यानं बांधला, त्यानंच उलगडावा."

एका संध्याकाळी उंटीण सुटली.
अंधार पडेपर्यंत शोधली, ओढत आणली.
आत्यानं तिचा पुढचा पाय दुमडला,
दोरीचे दोन वेढे घातले, आणि गाठ मारता मारता थांबली.
"या दोरीला काय म्हणतो रे आपण?"
"इकाल."
"इकाल," ती म्हणाली. मग, "अक्ल."
पुन्हा एकदा, जिभेवर घोळवून.
"तेच तीन. सिदाती, तेच तीन!"

आणि तिथंच वाळूत, उंटिणीला टेकून, ती बसली.
खांब नव्हता. गुडघा दुमडला.
"मला वाटायचं, कळणं म्हणजे लांबचं दिसणं.
रोज रात्री मन किनाऱ्यावर जायचं माझं,
पाणी चाचपत.
हे तर दुमडून बसणं आहे. रात्रभर. इथंच."
"आणि सकाळी?"
"सकाळी सोडायची. नाहीतर चरेल काय?"

नेयना बाईंनी ऐकून घेतलं.
बराच वेळ बोटांनी चटईची काडी सोलत राहिल्या.
"चाळीस वर्षं शिकवतेय हा शब्द," म्हणाल्या,
"आमच्या घरी पुस्तकांच्या पेट्या होत्या.
उंट नव्हता."

आत्यानं पाटी धुतली.
काळं पाणी खजुरीला गेलं,
तळव्याच्या खळग्यात उरलं तेवढं ती प्यायली.
तोंड वाकडं केलं, कोळसा शेवटी कोळसाच.
समुद्राकडून त्या दिवशीही काही आलं नाही.
"शाई आण," मला म्हणाली. "पुढची ओळ."

मी माझी पंधरावी पाटी धुवायला निघालो होतो.
झाडापाशी पोहोचलो, भांडं कललं,
आणि हात तसाच धरून
पहिल्यांदाच मी
तिच्यावर काय लिहिलंय ते वाचू लागलो.