आतली धार

ब्रनोच्या बर्फमैदानाखाली, जिन्याच्या पोटात
माझं दुकान: एक सहाणेचं चाक, एक पट्टा, तेलाची बाटली.
वर टाळ्या पडल्या की माझ्या छताचा पोपडा पडायचा.
तेवढंच मी कौतुक पाहिलं.

लोकांना वाटतं, स्केटचं पातं सुरीसारखं असतं.
नसतं. खाली बारीक पन्हळ असते,
आणि पन्हळीला दोन काठ, आतला आणि बाहेरचा.
सरळ उभं राहायचं तर दोन्ही लागतात.
वळायचं तर एकच निवडावा लागतो.

द्राहोमीरा पहिल्यांदा आली तेव्हा सात वर्षांची.
बाप ट्रॅक्टरच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट,
हाताला ग्रीस तसंच.
मावसभावाचे काळे बूट पांढरे रंगवलेले,
पाऊल वाकलं की भेगांतून काळं डोकवायचं.
मी धार लावली. ती म्हणाली, "अजून."
म्हटलं, "पाय कापशील."
ती म्हणाली, "कुणाचा?"

त्या काळी उड्यांना निम्मेच गुण.
आधी मुकाट्यानं बर्फावर वर्तुळं काढायची,
एका पायावर, दोन गोल एका टिंबाशी शिवलेले,
मग त्याच रेघेवरून पुन्हा. आणि तिसऱ्यांदा.
परीक्षक फरच्या कोटात गुडघे टेकून बघायचे,
रेघ एक दिसते की तीन.
तिची एकच दिसायची.
एक म्हातारा म्हणे हातमोजा काढून
बोटानं चाचपत राहिला, नाणं हरवल्यासारखा.

ज्या हिवाळ्यात तिनं सुवर्ण आणलं,
त्या हिवाळ्यात शेवटच्या नाचात ती दोनदा पडली होती.
वर्तुळांनी तारलं.
पेपरात फोटो उडीचा आला.

पुढे नियमांतून वर्तुळंच काढून टाकली.
टीव्हीवर दिसत नाहीत, म्हणाले.
खरं आहे. नाही दिसत.
ती उड्या मारणाऱ्या पोरींना शिकवू लागली,
आणि रात्री दहाला पहारेकरी स्तीबोर दिवे मालवून गेला
की छतावरून मला ऐकू यायची
एक लांब, न तुटणारी खर्र...
मी हातातलं काम थांबवून मोजायचो.
तिसरी फेरी पहिलीएवढीच लांब.

परवा आली. एकसष्ट वर्षांची.
पिशवीतून जोडी काढली, चष्मा कपाळावर सारून
मी दिव्यापाशी धरली.
डावं पातं झिजून पार सपाट.
उजव्यावर मात्र गेल्या फेब्रुवारीतली
माझीच धार, जशीच्या तशी.
खुबा, मी मनात म्हटलं.
ती माझ्याकडे बघत होती. मी पोपड्याकडे.

चाक सुरू केलं. डाव्याच्या ठिणग्या उडाल्या.
उजवं नुसतंच चाकाजवळ धरून
तेवढाच वेळ घालवला, तसाच खोकलो,
तसंच फडक्यानं पुसलं.
पैसे दोन्हीचे घेतले.
एकाचे घेतले असते तर तिला कळलं असतं.

सुटे मोजत ती म्हणाली,
"म्हातारपणी लुटायला लागलास."